ब्लेंडर आणि टेरेन सॉफ्टवेअरमध्ये वाळवंट उभं करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संगणकावर वाळवंटाचं त्रिमितीय (३डी) दृश्य करायला घेतलेले विद्यार्थी आणि हौशी कलाकार मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरण बहुतेक ठिकाणी थरच्या वाळवंटाचं आहे, त्यातही जैसलमेरच्या पश्चिमेला सुमारे ४० किलोमीटरवर असलेल्या सम गावाजवळच्या टेकड्यांचं, कारण तिथली वाळू मी हातात घेऊन पाहिली आहे. ज्या उत्तराला दुसऱ्या उत्तराचा आधार लागतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. प्रश्न ३ आणि ४ मात्र कोणीही वगळू नयेत. वारा कुठून वाहतो हे ठरल्याशिवाय पुढचं काहीच ठरत नाही.

१. वाळवंट करायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

पैसे न घालता सुरुवात करायची असेल तर ब्लेंडर. वाळूच्या टेकड्यांचा आकार, शेडर (पृष्ठभागाचा रंग आणि पोत ठरवणारी रचना), आकाश आणि रेंडर (अंतिम चित्र काढणं) सगळं त्यातच होतं. डोंगर, घळी आणि खडकांचे सुळके हवे असतील तर उंचीचा नकाशा, म्हणजे हाइटमॅप, गाया किंवा वर्ल्ड मशीनमध्ये करून ब्लेंडरमध्ये आणणं सोपं पडतं. दोघांच्याही मोफत आवृत्त्या मर्यादित रिझोल्यूशनच्या आहेत, पण शिकायला पुरतात. टेराजेनचं बळ क्षितिजापर्यंत पसरलेल्या भूभागात आणि वातावरणात आहे. हुडिनी शिकायला वेळ लागतो. वाळूचं सिम्युलेशन करायचं नसेल तर वाळवंटासाठी म्हणून त्याच्या मागे लागू नका.

माझं स्पष्ट मत असं, की पहिलं वाळवंट एकाच सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण करा. चार ठिकाणी अर्धवट केलेल्या टेकड्यांपेक्षा त्यातून जास्त शिकायला मिळतं.

२. माझा लॅपटॉप साधा आहे, जमेल का?

जमेल. १६ जीबी रॅम असेल तर स्थिर चित्रासाठी अडचण येऊ नये. ८ जीबीवर डिस्प्लेसमेंट, म्हणजे टेक्स्चरप्रमाणे पृष्ठभाग खरोखर वर-खाली उचलणं, जपून वापरावं लागतं. त्याबद्दल प्रश्न १५ पाहा. वाळवंटात जंगलासारखी लाखो पानं नसतात, त्यामुळे साध्या मशीनवर हात बसवायला हा विषय उलट चांगला आहे.

३. मी प्लेनवर नॉइज टाकला, पण टेकड्या वाळूच्या न वाटता गादीच्या उंचवट्यांसारख्या दिसतात. काय चुकतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. नॉइजने, म्हणजे संगणकाच्या यादृच्छिक उंचसखलपणाने, तयार होणारा उंचवटा चारही बाजूंनी सारखाच उतरतो. त्याला समोर-मागे नसतं. वाळूच्या टेकडीला असतं.

वारा ज्या बाजूने येतो त्या वाताभिमुख बाजूवर वाळूचे कण उड्या मारत वर चढतात. हा उतार मंद असतो, साधारण १० ते १५ अंशांचा. कण माथ्यावर पोचले की पलीकडे वाऱ्याचा जोर संपतो आणि ते तिथेच पडतात. पडून पडून ढीग जास्त उभा झाला की तो घसरतो. कोरडी वाळू ३० ते ३४ अंशांपेक्षा उभी राहूच शकत नाही, म्हणून वातविन्मुख, म्हणजे आडोशाच्या, बाजूचा उतार जवळजवळ नेहमी याच कोनात सापडतो. कणांच्या उड्यांचं हे शास्त्र ब्रिटिश लष्करी अभियंता राल्फ बॅग्नॉल्ड यांनी १९३०च्या दशकात वाऱ्याच्या बोगद्यात प्रयोग करून मांडलं. आपण शेडरमध्ये जे अंश टाकतो त्यांच्यामागे हेच भौतिकशास्त्र आहे.

आकडे मांडून पाहा. टेकडी २० मीटर उंच, पुढचा उतार १२ अंश, मागचा ३३ अंश. पुढची बाजू जमिनीवर सुमारे ९४ मीटर जागा घेते, मागची फक्त ३१ मीटर. म्हणजे तीनास एक. हे प्रमाण आलं की रंग न देताही, नुसत्या राखाडी मॉडेलमध्ये डोळा ‘वाळू’ म्हणून ओळखतो.

आणखी दोन गोष्टी बघा. पुढचा उतार पायथ्याशी सपाट, मध्ये थोडा उभा आणि माथ्याजवळ पुन्हा गोलसर होतो. मागचा उतार मात्र पट्टी लावल्यासारखा सरळ असतो. त्याची वरची कड धारदार असते आणि खाली जमिनीला मिळतो तिथेही कोन ठळक दिसतो. सगळ्या मेशवर (मॉडेलच्या जाळीवर) स्मूथ मॉडिफायर फिरवला की या दोन्ही रेषा पुसल्या जातात आणि पुन्हा गादी तयार होते.

४. बारखाण, सैफ वगैरे प्रकार शाळेत शिकलो होतो. मी नेमका कोणता करायचा?

ते प्रकार म्हणजे वारा आणि वाळूचा साठा यांचा हिशेब आहे, त्यामुळे मनाला येईल तो प्रकार मनाला येईल तिथे ठेवता येत नाही.

वारा वर्षभर एकाच दिशेने आणि वाळू थोडी असेल, तर चंद्रकोरीसारखे बारखाण होतात. त्यांची दोन्ही टोकं वारा जिकडे जातो तिकडे वळलेली असतात. वाळू भरपूर असेल तर बारखाण एकमेकांना जोडले जाऊन वाऱ्याला आडव्या लांब रांगा होतात. दोन वेगळ्या दिशांचे वारे आलटून पालटून वाहिले तर सैफ, म्हणजे लांबच लांब सरळ कणे. वारे चहूकडून येत असतील तर ताऱ्यासारख्या टेकड्या, आणि त्या पसरण्यापेक्षा उंच वाढतात.

थरमध्ये सगळ्यात मोठा विस्तार पॅराबोलिक टेकड्यांचा आहे. दिसायला त्याही कोरीसारख्या, पण उलट्या: टोकं वारा जिथून येतो तिकडे असतात. गवत-झुडपं टेकडीच्या कडा धरून ठेवतात आणि मधली मोकळी वाळू पुढे सरकते, म्हणून असं होतं. थरमध्ये वाळू हलवणारा मुख्य वारा उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे टोकं नैर्ऋत्येला आणि पुढचा फुगीर भाग ईशान्येला. थर म्हणून झुडपांसकट बारखाण दाखवलेली आणि टोकं उलटी असलेली चित्रं मला बरीच येतात. भूगोल जाणणारा माणूस ती चूक एका नजरेत पकडतो.

काम सुरू करण्याआधी सीनमध्ये एक बाण ठेवा आणि त्याचं नाव ‘वारा’ ठेवा. मी हे आजही करते.

५. हा असमान उतार ब्लेंडरमध्ये प्रत्यक्षात आणायचा कसा?

वेव्ह टेक्स्चर घ्या, बँड्स निवडा आणि प्रोफाइल ‘सॉ’ ठेवा. त्यातून ० ते १ असा चढत जाणारा आणि एकदम खाली पडणारा आकडा मिळतो. तो फ्लोट कर्व्हमधून न्या: ०वर उंची ०, ०.७५वर उंची १, आणि १वर पुन्हा ०. झाला तीनास एक उतार. कर्व्हचे चढाकडचे बिंदू थोडे गोल करा, माथ्याच्या बिंदूला मात्र व्हेक्टर हँडल द्या, म्हणजे कड धारदार राहील.

आता या रांगा पन्हाळी पत्र्यासारख्या सरळ दिसतील. वेव्हला जाणाऱ्या कोऑर्डिनेट्समध्ये मोठ्या आकाराचा, साधारण ५०० मीटर पल्ल्याचा नॉइज मिसळा, म्हणजे रांगा वळतील. मग दुसऱ्या नॉइजने उंची कमीजास्त करा. इथे एक खोच आहे. उंची निम्मी केली आणि रुंदी तीच राहिली, तर मागचा उतारही ३३ अंशांवरून १८ अंशांवर येतो. खऱ्या वाळवंटात मात्र छोट्या टेकडीचा घसरता उतारही तितकाच उभा असतो. म्हणून उंचीतला फरक बेताचा ठेवा. तुमच्याकडे गाया किंवा वर्ल्ड मशीन असेल तर मागची बाजू मुद्दाम जास्त उभी करून थर्मल इरोजनला (फार उभा उतार खाली घसरवणाऱ्या प्रक्रियेला) ती ३३ अंशांपर्यंत उतरवू द्या. गायात वाळूच्या टेकड्यांसाठी तयार नोडही आहे.

पायथन येत असेल तर त्याहून सुंदर वाट आहे. बी. टी. वर्नर यांनी १९९५ साली टेकड्या घडवण्याची एक साधी रीत मांडली. चौकटींच्या जाळ्यावर वाळूच्या वड्या ठेवायच्या. यादृच्छिक एक वडी उचलायची आणि वाऱ्याच्या दिशेने ठरावीक अंतर पुढे न्यायची. तिथे वाळू असेल तर ती थांबण्याची शक्यता ०.६, उघडी जमीन असेल तर ०.४. नाही थांबली तर आणखी पुढे. टेकडीमागच्या १५ अंशांच्या सावलीत पडली तर मात्र थांबलीच. उतार फार उभा झाला की वडी खाली घसरते. बस, एवढंच. सपाट जाळ्यावर हे चालू ठेवलं की काही वेळाने टेकड्या आपोआप उठतात, एकमेकींना गाठतात, जोडल्या जातात. वाळू कमी दिली तर बारखाण, जास्त दिली तर आडव्या रांगा. टेकडी कुठे असावी हे आपण कुठेही सांगितलेलं नसतं. पहिल्यांदा हे पडद्यावर घडताना पाहिलं तेव्हा मी रात्री दोनपर्यंत जागी होते.

६. इरोजन चालवायचं की नाही?

वाळूच्या टेकड्यांवर पाण्याचं इरोजन, म्हणजे झीज, चालवू नका. पाणी वाळूत मुरतं, त्यावर घळी पडत नाहीत. खडकाळ भागावर मात्र जरूर चालवा. वाळवंटात पाऊस क्वचित पडतो, पण पडतो तेव्हा धरून ठेवायला झाडोरा नसतो, त्यामुळे डोंगरांच्या कुशीत घळी खोल असतात आणि त्यांच्या तोंडाशी गाळाचे पंखे पसरलेले दिसतात. आधी खडकाचा भाग करा, त्यावर इरोजन चालवा, मग वाळूचा थर वरून घाला. वाळू खोलगट जागा भरते आणि खडकाच्या वाऱ्याकडच्या व आडोशाच्या बाजूंना साचते.

७. खऱ्या जागेचा उंचीचा नकाशा कुठून मिळवू?

ओपन टोपोग्राफी या संकेतस्थळावरून एसआरटीएम किंवा कोपर्निकस ३० मीटर डेटा उतरवता येतो. एसआरटीएम म्हणजे फेब्रुवारी २०००मध्ये एन्डेव्हर अवकाशयानातून ११ दिवसांत रडारने केलेलं मापन. कोरडी वाळू रडारच्या लहरी नीट परतवत नाही, त्यामुळे त्याच्या मूळ डेटात वाळवंटी भागांत भोकं राहिली होती. नंतर ती भरली गेली, पण भरलेला भाग म्हणजे अंदाज. वाळवंटासाठी मी कोपर्निकस घेते.

दोन अडचणी आधीच सांगते. पहिली: हा डेटा अंशांत असतो. जैसलमेर साधारण २७ अंश अक्षांशावर आहे. तिथे रेखांशाचा एक सेकंद सुमारे २७.५ मीटर आणि अक्षांशाचा सुमारे ३१ मीटर भरतो. चौरस समजून तसाच आणला तर भूभाग पूर्व-पश्चिम सुमारे १२ टक्के ताणला जातो आणि उतारांचे सगळे कोन बिघडतात. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये तो आधी यूटीएमच्या (मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशापद्धतीच्या) ४२ उत्तर पट्ट्यात बदलून घ्या.

दुसरी: ३० मीटरच्या एका पिक्सेलमध्ये प्रश्न ३मधला अख्खा मागचा उतार मावतो. म्हणजे कड, घसरण, काहीच दिसणार नाही. या डेटातून फक्त मोठी ठेवण घ्या, कुठे पठार, कुठे टेकड्यांचा पट्टा, एवढंच. टेकड्यांचा तपशील स्वतः घडवा.

८. हाइटमॅप लावल्यावर उतारावर पायऱ्या दिसतात.

तुमची फाइल ८ बिटची आहे. तिच्यात उंचीच्या फक्त २५६ पातळ्या असतात. भूभागाची उंची ३०० मीटर असेल तर प्रत्येक पायरी सव्वा मीटरच्या आसपास. १६ बिटमध्ये ६५,५३६ पातळ्या, म्हणजे पायरी ५ मिलिमीटरहून कमी. १६ बिट पीएनजी किंवा ३२ बिट ईएक्सआर निर्यात करा, आणि ब्लेंडरमध्ये इमेज नोडची कलर स्पेस ‘नॉन-कलर’ करायला विसरू नका, नाहीतर उंची वाकडी वाचली जाते. जेपीजी कधीच नको.

९. वाळूवरच्या बारीक लाटा खऱ्या का वाटत नाहीत?

बहुतेक वेळा मापामुळे. समला मी पंधरा सेंटिमीटरची शाळकरी पट्टी घेऊन गेले होते आणि उकिडवं बसून या लाटा मोजल्या होत्या. एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंत नऊ-दहा सेंटिमीटर, उंची जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरच्या वर. भूगोलाच्या पुस्तकात यांना ऊर्मिचिन्हे म्हणतात. विद्यार्थ्यांच्या चित्रांत त्या अर्धा-अर्धा मीटर रुंद असतात, आणि मग शंभर मीटरची टेकडी पाटावरच्या रांगोळीएवढी दिसायला लागते.

जवळून पाहिलं तर प्रत्येक लाट ही टेकडीचीच लहान आवृत्ती आहे, वाऱ्याकडे मंद आणि पलीकडे उभी. माथ्यावर जाडसर कण जमतात, खाचेत बारीक. त्यामुळे माथा आणि खाच यांच्या रंगात किंचित फरक असतो. लाटांचाच मास्क (बदल कुठे लागू करायचा ते सांगणारा काळा-पांढरा नकाशा) वापरून रंग चार-पाच टक्क्यांनी हलवा. लाटा अखंड रेघा नसतात. मध्येच दोन मिळून एक होते, इंग्रजी वाय अक्षरासारखी. वेव्ह टेक्स्चरमध्ये डिस्टॉर्शन बेताचं ठेवलं तर हे जोड काही प्रमाणात मिळतात.

आणि मुख्य म्हणजे त्या सगळीकडे नसतात. नुकत्याच घसरलेल्या उभ्या उतारावर लाटा नसतात. तिथे वाळूचे जिभेसारखे ओघळ खाली उतरलेले असतात. स्लोप मास्क लावून साधारण २८ अंशांच्या पुढे लाटा पुसून टाका. एवढ्या एका बदलाने चित्र सुधारलेलं मी कितीदा पाहिलं आहे.

लाटा हाइटमॅपमध्ये घालायचा प्रयत्न करू नका. ४ किलोमीटरचा भूभाग ४०९६ पिक्सेलमध्ये बसवला तर एक पिक्सेल एक मीटरचा. १० सेंटिमीटरची लाट त्यात येणार कुठून? त्या शेडरमध्ये करा: कॅमेऱ्याजवळच्या वीसएक मीटरपर्यंत डिस्प्लेसमेंट, त्यापुढे बंप (पृष्ठभाग न हलवता उंचसखलपणाचा नुसता भास), आणि शंभर-दीडशे मीटरनंतर काहीच नाही, नाहीतर दूरवर मोअरेचं, म्हणजे बारीक रेघांच्या गोंधळातून उठणारं, जाळं चमकतं.

१०. कोकणातल्या समुद्रकिनाऱ्यावर काढलेले वाळूचे फोटो टेक्स्चर म्हणून चालतील का?

शक्यतो नको. किनाऱ्याच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो, ओल असते, रत्नागिरीच्या बाजूला तर इल्मेनाइटचे काळे पट्टे असतात. उथळ पाण्यात पुढे-मागे होणाऱ्या लाटांनी वाळूवर उठलेल्या रेघा दोन्ही बाजूंनी सारख्या असतात, वाऱ्याने उठलेल्या मात्र एकीकडे झुकलेल्या. भरतीरेषेच्या वर, कोरड्या वाळूत वाऱ्याने उठलेल्या लाटा सापडल्या तर त्यांचे फोटो आकार समजून घ्यायला फार उपयोगी आहेत. सोबत पट्टी ठेवूनच काढा.

११. वाळूचा रंग कोणता द्यावा? माझा एकतर हळदीसारखा येतो, नाहीतर राखाडी.

समहून आणलेली चिमूटभर वाळू मी पांढऱ्या कागदावर पसरून भिंगाखाली धरली. ती पिवळी नव्हतीच. बरेचसे कण जवळजवळ पारदर्शक, काही मधासारखे, काही फिकट गुलाबी, अधूनमधून एखादा काळा ठिपका, आणि अभ्रकाची एखादी चमकणारी पापडी. दुरून हे सगळं मिसळून फिकट बदामी दिसतं. म्हणून एकच रंग देण्याऐवजी अतिबारीक नॉइजने तीन-चार रंग मिसळा. जवळच्या शॉटमध्ये वाळूला जीव येतो तो यामुळे.

हळदीचा रंग येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे सूर्यास्ताच्या फोटोवरून रंग उचलणं. त्या केशरी छटेत सूर्यप्रकाश आधीच मिसळलेला असतो. त्यावर तुमचा सूर्य पुन्हा केशरी पडला की छटा दुप्पट होते. रंग नेहमी भर दुपारच्या किंवा ढगाळ उजेडातल्या फोटोवरून घ्या. कोरडी वाळू तिच्यावर पडलेल्या उजेडापैकी साधारण ३५ ते ४० टक्के परत फेकते, त्यामुळे बेस कलरच्या लिनियर आकड्यांची सरासरी ०.३५ ते ०.४च्या आसपास ठेवा. ०.८ वगैरे दिलं तर सावल्या उजळून सपाट होतात.

जागा बदलली की रंग बदलतो. नामिबच्या वाळूवर लोह ऑक्साइडचा लेप आहे. किनाऱ्याजवळ ती फिकट आणि आत जावं तशी लाल होते. न्यू मेक्सिकोतलं व्हाइट सँड्स जिप्समचं आहे, म्हणून पांढरं. हा अपवाद लक्षात ठेवा, तिथे वरची ०.४ची मर्यादा लागू नाही.

खडबडीत पृष्ठभागासाठी डिफ्यूज शेडरचा रफनेस वाढवा. ग्लॉस जवळजवळ शून्य.

१२. सूर्य कुठे ठेवू? सगळं सपाट दिसतंय.

सूर्याची उंची कमी करा. सूर्य १० अंशांवर असेल तर २० मीटरच्या टेकडीची सपाटीवर सावली ११३ मीटर पडते. ३० अंशांवर असेल तर फक्त ३५ मीटर. प्रश्न ३मधला ३३चा आकडा इथे पुन्हा कामी येतो: सूर्य मंद उताराच्या बाजूने, ३३ अंशांच्या खालून येत असेल तर अख्खा घसरता उतार सावलीत जातो आणि उजेड-सावलीची सीमा नेमकी कडेवर बसते. वाळवंटाच्या चांगल्या छायाचित्रांत नागमोडी काळी रेघ दिसते ती हीच.

थरमध्ये घसरते उतार ढोबळमानाने ईशान्येकडे तोंड करून आहेत. म्हणून तिथे संध्याकाळी ते काळवंडतात आणि सकाळी उजळतात. संध्याकाळचं दृश्य करून हे उतार लख्ख उजळवले, तर वारा आणि सूर्य यांचं एकमेकांशी जुळत नाही.

तारीख-वेळ टाकून सूर्य बसवत असाल तर एक गोष्ट सांभाळा. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि जैसलमेर जवळजवळ ७१ अंशांवर, त्यामुळे तिथली खरी माध्यान्ह घड्याळात साडेबारा ते एकच्या दरम्यान येते. डिसेंबरच्या उत्तरार्धात तेव्हाही सूर्य ४० अंशांच्या आसपासच असतो, जूनमध्ये ८६पर्यंत चढतो. म्हणजे हिवाळ्यातली दुपारही चित्रासाठी वाईट नाही. जूनची दुपार टाळा.

१३. आकाश फार निळं दिसतं आणि दूरच्या टेकड्या कापून चिकटवल्यासारख्या वाटतात.

धूळ घाला. ब्लेंडरच्या स्काय टेक्स्चरमध्ये निशिता हे आकाशाचं मॉडेल २.९० आवृत्तीत आलं. त्यातली हवेतल्या धुळीची मात्रा १वरून २-३ करा, क्षितिज पांढुरकं होतं. पण ते फक्त आकाश बदलतं. दूरच्या टेकड्यांवर धुरकटपणा हवा तर विरळ व्हॉल्यूम (दृश्यात भरलेली धुरकट हवा) घाला, किंवा मिस्ट पास (कॅमेऱ्यापासूनचं अंतर दाखवणारा थर) घेऊन कॉम्पोझिटिंगमध्ये, म्हणजे रेंडरनंतरच्या मिश्रणात, क्षितिजाचाच रंग मिसळा. मी मिस्ट पास घेते. व्हॉल्यूममुळे रेंडरचा वेळ फार वाढतो आणि चित्रात फारसा फरक पडत नाही.

सावल्या काळ्या नसतात. वरून निळं आकाश आणि समोरच्या उतारावरून परतणारा उबदार उजेड, दोन्ही त्यांत मिसळतात. डिफ्यूज बाउन्स (उजेड किती वेळा उसळून परततो तो आकडा) किमान ३-४ ठेवा.

१४. टेकड्या खेळण्यातल्या वाटतात. मोठ्या कशा दाखवू?

लाटांचं माप आधी तपासा (प्रश्न ९). मग क्षितिज. उभ्या माणसाला सपाटीवर क्षितिज पावणेपाच किलोमीटरवर दिसतं, ३० मीटर उंच टेकडीवरून वीसएक किलोमीटरवर. तुमचा भूभाग ५०० मीटरवर संपत असेल तर मेंदूला ते कळतं. पुढे कमी तपशिलाचा मोठा प्लेन जोडा.

मापासाठी ओळखीची वस्तू ठेवा. उंट खांद्याशी साधारण दोन मीटर असतो. त्याहून चांगली म्हणजे पावलांची रांग, कडेवरून दूर जाऊन दिसेनाशी होणारी. घसरत्या उतारावर पाय पडला की त्याच्या वरची वाळू सरकून ठसा अर्धा बुजतो, तेही दाखवा.

१५. डिस्प्लेसमेंट लावलं की मेमरी संपते.

अॅडाप्टिव्ह सबडिव्हिजन वापरा. ते कॅमेऱ्याजवळ जाळी बारीक करतं, दूर जाड ठेवतं. डाइसिंग रेट (जाळीचा एक तुकडा किती पिक्सेलचा ते ठरवणारा आकडा) रेंडरला १वरून २ केला तर मेमरी बरीच वाचते आणि वाळूवर फरक कळत नाही. कॅमेऱ्यामागचा भूभाग काढून टाका, फक्त ज्याची सावली चौकटीत येते तो ठेवा.

१६. कोणती झाडं लावू? कॅक्टस चालेल?

हातवाला उंच सग्वारो कॅक्टस फक्त अमेरिका-मेक्सिकोतल्या सोनोरन वाळवंटात उगवतो. थर, सहारा, अरबस्तान, कुठेही नाही. थरमध्ये सेवण गवताचे झुबके, फोगची काटक्या-काटक्यांची झुडपं, आपल्या ओळखीची रुई, आणि खेजडी. खेजडी म्हणजे आपली शमी, दसऱ्याला जिची पूजा करतात तीच.

झाड ठेवलं की काम संपत नाही. झुडपात वारा अडतो, वाळू साचते, आणि आडोशाच्या बाजूला निमुळती शेपटी तयार होते. प्रत्येक झुबक्यामागे अशी शेपटी करा, सगळ्या एकाच दिशेला, प्रश्न ४मधल्या बाणाप्रमाणे. जिओमेट्री नोड्समध्ये झुडपांचे बिंदू आधीच असतात; त्यांच्यापासूनचं अंतर वाऱ्याच्या दिशेने ताणून उंचीत मिळवलं की झालं. जमिनीलगतची एवढीशी शेपटी झाडाला त्या जागेचं करून टाकते.

१७. पण वाळवंट म्हणजे सगळी वाळूच ना?

नाही. जगातल्या वाळवंटांचा जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा वाळूखाली आहे; बाकी खडक, खडी, मिठागरं, चिकणमातीची सुकलेली तळी. जैसलमेरच्या आसपासही पिवळा चुनखडक ठिकठिकाणी उघडा पडलेला आहे, शहरातल्या हवेल्या ज्याने उभ्या राहिल्या तोच. खडीचा सपाट पट्टा आणि त्यावर दूर एकच टेकड्यांची रांग, हे चित्र करून पाहा. मला ते अथांग वाळूपेक्षा अधिक खरं वाटतं.

१८. लाटांची दिशा टेकडीच्या दिशेशी जुळत नसेल तर ती चूकच का?

नाही, आणि हा अपवाद समजून घेण्यासारखा आहे. टेकडी वर्षानुवर्षांच्या वाऱ्याने घडते, लाटा गेल्या काही तासांच्या. सकाळी वारा वेगळ्या दिशेने वाहिला तर त्याच टेकडीवर तिरप्या लाटा दिसतात. शिवाय टेकडीच्या अंगाने वारा वळतो, तशा लाटाही वळतात. मोसम बदलून वारा उलटला तर माथ्यावर उलट्या बाजूची छोटीशी कड उठते, खालची टेकडी मात्र तशीच. नियम मोडताना नवा वारा कोणता, हे ठरवून मोडा; लाटा आणि माथ्यावरची ती कड एकाच नव्या वाऱ्याच्या हव्यात.

१९. मंगळावरचं वाळवंट करायचं असेल तर?

घसरणीचा कोन जवळपास तोच ठेवा. वाळू मात्र काळसर बेसाल्टची आणि तिच्यावर तांबूस धूळ. सूर्यास्ताला सूर्याभोवतीचं आकाश निळसर दिसतं, आपल्या उलट. दहा सेंटिमीटरच्या लाटांच्या जोडीला तिथे काही मीटर पल्ल्याच्या मोठ्या लाटाही आहेत. क्युरिऑसिटी रोव्हरने त्या गेल विवरातल्या टेकड्यांवर जवळून पाहिल्या. त्या टेकड्यांना बॅग्नॉल्ड यांचंच नाव दिलेलं आहे.

२०. व्हिडिओमध्ये टेकड्या सरकताना दाखवू का?

साध्या शॉटमध्ये नको. बारखाण वर्षाला काही मीटर ते काही दहा मीटर सरकतात, दहा सेकंदांत त्या जागच्या जागीच असतात. हलते ती वरची वाळू. जमिनीलगत, बहुतेक घोट्या-गुडघ्यापर्यंतच, कणांचे पदर वाहताना दाखवा. कण माणसाच्या डोक्यावरून उडाले तर ती धूळ झाली, वाळू नव्हे. कडेवरून पलीकडे एक पातळ झालर उडते आणि लगेच उतारावर विरते. तिच्यासाठी कण कडेच्या रेषेवरून सोडा, आयुष्य एक-दोन सेकंदांचं ठेवा, आणि वेग सतत सारखा न ठेवता झोतांनी कमीजास्त करा. झोत ओसरला की झालर पूर्ण थांबू द्या, मग पुढचा झोत येऊ द्या.